जीभ जिंकलेली चतुराबाई

उदगीरपासून दीड कोसावरच्या त्या गावात चतुराबाईच्या जिभेला सगळे टरकून असत. जिभेला म्हणजे बोलण्याला नव्हे, बोलायची ती कमीच. पण भाकरीचा तुकडा तोंडात टाकला की ही ज्वारी ओढ्याकाठची की माळावरची, हे ती सांगायची आणि ते कधी चुकायचं नाही. ताकाच्या घोटावरून गाय कुठं चरली ते ओळखायची. लग्नकार्यात ती चुलवणाजवळून नुसती गेली आणि तिची नाकपुडी हलली, तरी आचारी पुन्हा मीठमसाला तपासायला धावायचे. नवरा भुजंगराव हयात असताना म्हणायचा की हिला सरकारनं नाक्यावर बसवावी, तुपात भेसळ करणारे आपोआप परागंदा होतील. या जिभेचा खरा धसका घेतला होता तो सुनेनं. सिंधु लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात सासूसमोर 'हाव' आणि 'न्हाई' यापलीकडं तिसरा शब्द तिनं काढला असेल तर शपथ.

मोठी लढाई संपली त्या साली, दिवाळीच्या आगेमागे, मानमोडी आली. आज अंग मोडून यावं, उद्या तापानं फणफणावं आणि परवा तिरडी बांधावी, अशी ती साथ. एकाला पोचवून आलेल्या माणसांना हातपाय धुवायलाही उसंत मिळेना. सिंधुची आई तिकडं देवणीला त्यातच वारली, ती खबर इकडं चार दिवसांनी आली. सिंधु तेव्हा सासूच्या उशाशी बसून होती. चतुराबाई अकरा दिवस तापात होती. बाराव्या दिवशी ती उठून बसली, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी देवाला हात जोडले.

सिंधुनं तिला कण्यांची पेज दिली. चतुराबाईनं एक घोट घेतला आणि अळणी केलीस म्हणून सुनावलं. मीठ घातलंय असं सिंधु खालमानेनं म्हणाली. चतुराबाईनं चिमूटभर टाकलं, मग आणखी, मग चक्क मूठभर. मुलगा उद्धव तिथंच होता. आई एवढी का कावली म्हणून त्यानं वाटी तोंडाला लावली आणि थुंकायला अंगणात पळाला. चतुराबाई त्या वाटीकडं बघत राहिली. सगळे रानात गेल्यावर तिनं हिंगाची डबी उघडली. लसूण ठेचून नाकाशी धरला. घासलेटची बाटली हुंगली. गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला नाक लावलं. कशालाच काही वास नव्हता. म्हैस नुसतीच ऊन लागत होती.

हातमागाचं लुगडं आणायचं निमित्त करून ती उदगीरच्या हकिमाकडं गेली. त्यानं नवसागराची कुपी नाकाखाली धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण वास नाहीच. सबर करा, बाई, एवढंच तो म्हणाला. ती घरी आली आणि तिनं तोंड शिवून घेतलं. रांधणाऱ्या ज्या हाताला गाव मान देतं तो हात नाकाच्या जोरावर चालतो, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं? नाकच गेलं म्हटल्यावर आपण उरलो कोण, या विचारानं तिचं काळीज कुरतडून काढलं.

पुढं जे झालं ते मात्र आमच्या भागातच होऊ शकतं. एके दिवशी दगडोबा जेवायला होता. दगडोबा म्हणजे गावातला जुना माळकरी, एकादशी न चुकवणारा आणि दुसऱ्यालाही चुकवू न देणारा. सिंधुचं त्या दिवसांत चित्त थाऱ्यावर नव्हतं, आईच्या आठवणीत ती पिठल्यात मीठच घालायला विसरली. दगडोबानं घास घेतला आणि तो आता स्फोट होणार म्हणून चतुराबाईकडं बघत बसला. ती शांतपणे जेवत होती. सुनेला एका शब्दानं बोलली नाही. आणखी वाढ म्हणाली. दगडोबाचा घास हातातच राहिला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की चतुराबाईनं जीभ जिंकली. मरणाच्या दारातून माघारी आली ती वैराग्य घेऊनच आली. भल्याभल्या साधूंना जे जमत नाही ते या बाईनं घरात बसून केलं. बायका पायावर डोकं ठेवू लागल्या, आजारी लेकरं तिच्या पुढ्यात आणून घालू लागल्या. चतुराबाईला आधी हसू आलं. मग, खोटं कशाला बोला, आठ दिवस जरा बरंही वाटलं. पण एक तरणी विधवा तान्ह्या लेकराला घेऊन आली आणि माझं मन बी असंच मारून द्या म्हणाली, त्या दिवसापासून चतुराबाईला तो मान अंगावर घोंगडं पडावं तसा जड झाला.

अशात येळवस आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी इकडं घरांना कुलपं लागतात आणि सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपटी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगत. नैवेद्याला तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला, रानात जे हिरवं असेल ते सारं बेसनात शिजवून केलेली भज्जी. आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली अंबील. त्या वर्षी कितीतरी घरांत रांधणारा हातच उरला नव्हता. तेव्हा ठरलं की अकरा घरांनी चतुराबाईच्या रानात जेवायचं आणि रांधायचं तिनंच.

नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, चाखलं की उष्टं झालं. हा नेम चतुराबाईनं जन्मात मोडला नव्हता. तिला गरजच पडली नव्हती. वास आपोआप नाकात शिरतो, त्याला कोण अडवणार? आता तीही वाट बंद होती. काळ्या आईपुढं आणि उपाशी गावापुढं आपण काय मांडणार हे तिला कळेना. आदल्या दिवशी ती चुलीपुढं लसूण हातात घेऊन बसून राहिली. शेवटी तिनं सिंधुला हाक मारली.

"मला वास येत न्हाई, सिंधु. चव बी न्हाई. ताप उतरला तवापासून."

सिंधुनं चुलीतला जाळ आत सारला. "मला ठाव हाय, आत्याबाई. पेजंच्या दिवशीच कळलं. तुम्ही सांगत न्हवता, मग म्या कसं सांगावं?"

चतुराबाईला वाटलं, चार वर्षं आपण हिला ओळखलंच नाही. हात माझा, नाक तुझं, असं ती म्हणाली आणि दोघी कामाला लागल्या. कसा वास येतो म्हटल्यावर सिंधु आधी म्हणाली, चांगला. चांगला म्हणजे कसा, ते सांग. मग सिंधु अडखळत बोलू लागली. लसूण अजून कच्चा हाय, नाकात टोचून राहिला. आता टोचत न्हाई, भाजल्या हुरड्यावाणी झाला. अंबील चिंचेच्या कोवळ्या पाल्यावाणी आंबट येतीय. चतुराबाईनं अंबिलीच्या घागरीला कान लावला, तर आत बारीक चुळबुळ ऐकू आली. जन्मभर अंबील केली, पण ती बोलते हे तिला पन्नाशीत कळलं. घाटताना भज्जी किती दाटली ते मनगट सांगत होतं, मोहरी तडतडायची थांबली ते कान सांगत होते. एक दार लागलं तर माणसाच्या आत एवढी दारं उघडतात, याचं नवल करावं तेवढं थोडं. राहिलं मीठ. त्याला ना वास ना आवाज. ते तिनं जुन्या सवयीनं मुठीनं घातलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रानात चाळीसेक माणसं जमली. अंबील शिवारात शिंपडून झाली, नैवेद्य दाखवला, द्रोण वाढले गेले. तेवढ्यात दगडोबा उठला आणि जेवण्याआधी या माउलीच्या पाया पडा म्हणाला. माणसं उठू लागली, तशी चतुराबाई मागं सरली.

"थांबा, भावजी. म्या कायबी जिंकलं न्हाई. मानमोडीनं माझी चव नेली, वास नेला. त्या दिशी पिठलं अळणी हाय हे मला कळलंच न्हाई, म्हणून गप खाल्लं. आजची भज्जी सिंधुच्या नाकानं झालीया."

दगडोबा मटकन खाली बसला. मग पंगतीच्या टोकाहून चंद्रप्पा, बायको गमावलेला धिप्पाड गाडीवान, हळूच म्हणाला, "मलाबी न्हाई येत, काकू. मला वाटलं, ती गेली आन् म्या जगलो, त्याची शिक्षा हाय." त्याच्या पाठोपाठ पंगतीतली तारामती तेच म्हणाली. मग आणखी दोघं. दोन महिने पाच माणसं तोंडात माती घोळवत होती आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

चतुराबाईनं त्या चौघांना आपल्या ओळीत बसवलं आणि सुनेला समोर बसायला सांगितलं. तू खा आन् सांग ह्यांना, म्हणाली. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर सिंधुनं पदर सावरला, घास घेतला. डोळे मिटून ती सांगू लागली. आधी वाल लागतोय, दाताखाली पिठावाणी मऊ. मग तूर, शेंग सोलताना बोटाला येतो तसा हिरवा वास हाय तिला. आंबट मागून येतंय, जिभेच्या कडंनं, सावकाश. पाचही जण तिच्याबरोबर चावत होते. बाकीची पंगत जेवायची थांबून ऐकत होती.

"लसूण लागतोय का?" चंद्रप्पानं विचारलं. "तिला लसूण लई लागायचा."

"हाय," सिंधु म्हणाली. "शेवटाला हाय. गिळल्यावर बी राहतोय."

चंद्रप्पानं मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला. सिंधु मात्र अडखळली. सासूनं वर बघितलं आणि खरं असेल ते सांग म्हणून बजावलं.

"मीठ कमी पडलंय, आत्याबाई."

चतुराबाईच्या हातच्या जेवणात गावानं आजवर खोट काढली नव्हती. ती तो घास कितीतरी वेळ चावत राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली. आजारपणानंतर आज पहिल्यांदा आपण काय खातोय ते तिला कळत होतं, सुनेच्या तोंडून का होईना.

"टाक मग," ती म्हणाली, आणि तिनं द्रोण सुनेपुढं केला.