हिल्डाची पितळी पाटी

आमच्या सेंट बोटोल्फ चर्चमधली प्रार्थना बंद झाली तेव्हा गावात फारसं कुणी हळहळलं नाही. शेवटी शेवटी आम्ही जेमतेम एक बाकभर उरलो होतो. मग एका संस्थेने चर्च वारसा म्हणून जपायला घेतलं आणि माझं डोकं उठायला सुरुवात झाली. फुलदाणीत पाणी नको, मेणबत्ती नको, वटवाघळांना हुसकायचं नाही. छप्पर गळत होतं तेव्हा मात्र कुत्रं विचारत नव्हतं!

माझी शेजारीण हिल्डा कॅचपोल हे सगळं मुकाट ऐकायची. चर्चची किल्ली तिच्याकडे होती. दर शुक्रवारी, युद्धात गेलेल्यांच्या नावांची भिंतीवरची पितळी पाटी घासायला मिळाली की तिला पुरे. सगळ्यात खाली तिच्या भावाचं, सिरिलचं नाव. त्याचं जहाज बुडालं. ना कबर, ना काही. वरच्या नावांवरून तिचं फडकं भरभर फिरायचं, सिरिलपाशी रेंगाळायचं.

मग संस्थेची फिलिपा आली.

"मिसेस कॅचपोल, यापुढे पाटीला हात लावू नका. घासून झिजतेय ती."

"मग काय काळी पडू देऊ? लोक काय म्हणतील?"

मीही तोंड घातलं. "अगं पोरी, तुझ्या जन्माआधीपासून घासतेय ती. काय झालंय पाटीला?"

फिलिपाने दिवा मालवला आणि हातातली बॅटरी भिंतीला टेकवून तिरपी धरली. वरची नावं स्पष्ट उठून आली. उजेड खाली सरकला. शेवटच्या ओळीत गुळगुळीत पितळ. आम्हा दोघींना ते नाव इतकं पाठ होतं की ते वाचायची कधी वेळच आली नव्हती.

हिल्डाने त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुन्हा कोरून द्या."

"तसं नाही करता येत हो. आहे तसंच जपायचं असतं."

"आहे तसं? अहो, तो नाहीच आहे त्यात!"

मी फिलिपाला नाही नाही ते बोलले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं बरोबर होतं, म्हणून तर माझा जास्तच संताप झाला.

आता पाटी काळवंडलीय. अक्षरांच्या खाचांत आणखी गडद काळं बसल्यामुळे वरची नावं लांबूनही वाचता येतात. हिल्डा अजून शुक्रवारी कुलूप उघडते, पण आत जात नाही. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसते.

परवा एक पाहुणा आला. एकेक नाव मोठ्याने वाचत खाली आला आणि थांबला.

"पुढे?" हिल्डाने बाहेरून विचारलं.

"पुढे काही नाही, मॅडम."

"आहे!" ती ताडकन उठून ओरडली. "आहे! नीट बघा!"

तो बिचारा चष्मा पुसून पुन्हा वाकला.