गाडी कुणाच्या नावावर

रेवतीचा नवरा मला पहिल्यापासून आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला पक्षपाती म्हणायला नको. आहेच मी पक्षपाती. शिरीष वाईट माणूस नाही, असं इथल्या, आयर्लंडमधल्या कॉर्कच्या मराठी मंडळातले सगळे मला पुनःपुन्हा सांगतात. दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, भांडी घासतो. घासतो खरा, पण घासताना सगळ्यांना दिसेल असा उभा राहतो.

रेवती आणि मी रिंगास्किडीला एकाच औषध कारखान्यात आहोत. ती प्रोसेस इंजिनिअर, मी क्वालिटीमध्ये. राहतो कॅरिगालाइनला, एकाच वसाहतीत, समोरासमोरच्या घरांत. ती मूळची नागपूरची. उंची बेताची, बोलणं हळू, आणि कामात अशी चिवट की ऑपरेटर तिला टरकतात. नवी लाइन सुरू करायची असेल तर ती ड्रॉइंगवर विश्वास ठेवत नाही. टाकीपासून शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पाइपवर बोट ठेवून चालत जाते. वाटेत शिडी आली तर चढते, खाली वाकायचं असेल तर वाकते. तिचं बोट शेवटाला पोचेपर्यंत कुणी काही उघडायचं नाही. सुरुवातीला लोक हसायचे. आता गुपचूप थांबतात.

आणि हीच बाई घरी शिरीष बोट दाखवेल तिथे सही करायची. याचा मला जो संताप यायचा, तो मी तिच्या तोंडावर काढायचे. ती म्हणायची, "जाऊ दे ग नंदू, तोच बघतो ते सगळं."

हे सगळं बिघडवलं आश्लिंगने. आश्लिंग आमच्याकडे मेंटेनन्सला आहे. तिच्याकडे एक किट कार आहे, म्हणजे सुटे भाग खोक्यांतून आणून घरच्या शेडमध्ये जोडलेली गाडी. छप्पर नाही, दारं नाहीत, दोन सीट आणि पुढे लांब नाक. ती घेऊन ती अधूनमधून किल्डेरच्या ट्रॅकवर जाते. तिथे शर्यत नसते. हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी हवी तशी पळवायची, बस. एकदा तिने रेवतीला सोबत नेलं आणि दुपारी चक्क चालवायलाही दिली.

सोमवारी कँटीनमध्ये रेवतीची पोळी तशीच राहिली. "नंदू, तिथे शेजारी बसून कुणी 'ब्रेक, ब्रेक' करत नाही ग," ती म्हणाली. "आश्लिंग तर मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती."

मग तिने ठरवलं, अशी गाडी घ्यायची. आणि घ्यायची ती रस्त्यावर चालणारीच. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, चाकांवर मडगार्ड आणि आयर्लंडची नंबर प्लेट असलेली. नुसत्या ट्रॅकच्या गाड्या जास्त पळतात, पण त्या ट्रेलरवर घालून न्याव्या लागतात. रेवतीला आपल्या दारातून स्वतः निघायचं होतं, ट्रॅकवर जायचं होतं आणि स्वतःच परत यायचं होतं. कुणाला न विचारता. एवढंच हवं होतं तिला, आणि हे एवढंच शिरीषला कळत नव्हतं.

"ट्रॅकचीच घेऊ ना," तो म्हणाला. "माझ्या गाडीला ट्रेलर लावू. मी नेईन तुला दर वेळी."

म्हणाला अगदी प्रेमाने. या माणसाचं सगळंच प्रेमाने असतं, म्हणून त्याला काही म्हणताही येत नाही.

शनिवारी मंडळातल्या चार घरांचं जेवण असतं. तिथे विषय निघाला आणि पद्माकररावांनी ताबा घेतला. हे आमचे उंटावरचे शहाणे. आयुष्यभर एकाच कंपनीच्या करड्या गाड्या घेतल्या, पण गाड्यांवर बोलायला लागले की ताट वाळतं.

"वहिनी, ॲव्हरेज काय देते ती?" पहिला प्रश्न.

"ट्रॅकवर कुणी ॲव्हरेज बघत नाही, पद्माकरराव," रेवती म्हणाली.

"बरं, डिकी? टेस्कोच्या चार पिशव्या तरी मावतील? आणि पावसात काय करणार? इथे पाऊस नसतो कधी? आणि विकायला काढली तर घेणार कोण?"

"मी विकायला घेत नाहीये."

"तसं नाही हो, आपलं एक जनरल सांगितलं. आणि या वयात..." असं म्हणून ते थांबले आणि शिरीषकडे बघून हसले. शिरीषही हसला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "पद्माकरराव, या वयात तुम्ही तिसऱ्यांदा भात घेताय, कुणी काही म्हणालं का?" त्यावर माझ्या नवऱ्याने मला टेबलाखालून पाय मारला.

रेवती मात्र तिच्या पद्धतीने पुढे चालली होती. किट आणून जोडावं, तर ती गाडी इथल्या रस्त्यावर आणायची मंजुरी मिळवण्यात जन्म जायचा. इंग्लंडमधून जोडलेली आणावी, तर कर आणि तपासण्या. तेव्हा इथेच कुणीतरी जोडलेली, इथेच नोंदलेली, थोडी वापरलेली गाडी. ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते, म्हणून सायलेन्सर बघायचा. डोक्यावरचा लोखंडी बार हेल्मेटच्या वर आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिचे पाय पेडलला पोचले पाहिजेत, कारण या गाड्या जोडणारे सगळे बाप्ये सहा फुटी.

अशी गाडी अखेर ॲथलोनजवळ सापडली. बघायला आम्ही दोघीच जाणार होतो. सकाळी बघते तर शिरीष गाडी काढून तयार आणि मागच्या सीटवर पद्माकरराव, मांडीवर चकलीचा डबा घेऊन.

विकणारा एक म्हातारा शेतकरी होता. गाडी त्याच्या कै. भावाने जोडलेली, भाऊ चणीने लहान, म्हणून सीट आणि पेडल त्याच्या मापाचे. गडद हिरवा रंग. खरं सांगते, गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती गाडी बघून मलाही बरं वाटलं. रेवती ओल्या खडीवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. ब्रेकच्या नळीवर बोट ठेवून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेली. मग दुसऱ्या बाजूने.

म्हातारा शिरीषला म्हणाला, "युअर मिसेस इज फेअरली थरो." मग तिने खालून जे जे विचारलं, त्याची उत्तरं त्याने शिरीषच्या तोंडाकडे बघून दिली. आणि शिरीषने, ज्याला स्टेपनी बदलता येत नाही, मान डोलावून ती घेतली.

मग रेवती आत बसली. पाय पोचले. म्हाताऱ्याच्या घरामागच्या खाजगी रस्त्यावर तिने गाडी नेली, वळवली, आणली. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी दुसरीकडे बघितलं. कुणाचा इतका आनंद उघड्यावर बघू नये.

"हीच," ती म्हणाली.

तोपर्यंत शिरीषने बोलणी सुरूसुद्धा केली होती. "मी माझ्या नावावर करून घेतो," तो तिला मराठीत म्हणाला, "सोपं पडेल." रेवती म्हणाली, "थांब. इन्शुरन्सचं मी बघते आधी." शिरीषला ते आवडलं नाही, पण म्हाताऱ्यासमोर तो हसला.

इन्शुरन्सपाशी सगळं अडलं. किट कारचा विमा इथे मोजके लोक काढतात. रेवतीने ब्रोकरला फोन केला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात होते. त्या बाईने सरळ विचारलं, तुमच्या नावावर रोजच्या गाडीची पॉलिसी आहे का? किती वर्षांचा नो-क्लेम्स बोनस आहे? म्हणजे अपघात न करता गाडी चालवल्याची तुमची पुण्याई किती?

रेवतीने सांगितलं, पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आहे, मी नेम्ड ड्रायव्हर आहे.

म्हणजे नवऱ्याच्या पॉलिसीत जिला चालवायची परवानगी आहे, ती. बोनस सगळा पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा. ब्रोकर बिचारी म्हणाली, सॉरी लव्ह, तुमच्या नावावर तसं काहीच नाही.

आता हे असं का झालं ते ऐका. आपल्याकडे कसं असतं, गाडी पुरुषाच्या नावावर. त्यात कुणाला काही वाटत नाही, बाईलाही नाही. हे दोघं इथे आले तेव्हा शिरीषने स्वतःच्या नावाने पॉलिसी काढली, बायकोचं नाव खाली घातलं, आणि आम्ही सगळ्यांनीही तेच केलं. पण शिरीष घरून काम करतो. सोमवार ते शुक्रवार गाडी रिंगास्किडीला नेते ती रेवती. अंधारात, बर्फाळ सकाळी, बंदराच्या ट्रकांमधून एक ओरखडा न पाडता आणते ती रेवती. आणि पुण्याई जमते शिरीषच्या खात्यात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

त्यावर उपाय साधा होता आणि तो ब्रोकरनेच सांगितला. घरच्या गाडीचा विमा तुमच्या नावावर करा, नवरा नेम्ड ड्रायव्हर. मग किट कारचं मी काहीतरी जमवते. पॉलिसीचं नूतनीकरण तोंडावरच आलं होतं.

रेवतीने हे शनिवारच्या जेवणात सगळ्यांसमोर काढलं. एकटीने विचारलं असतं तर त्याने प्रेमाने गुंडाळलं असतं, हे तिलाही आता कळलं होतं.

"या वेळी पॉलिसी माझ्या नावावर करू," ती म्हणाली. "तू नेम्ड ड्रायव्हर हो."

शिरीषचा घास हातात राहिला. "अगं पण माझा नो-क्लेम्स जाईल ना! वापरला नाही तर दोन वर्षांत संपतो तो. इतक्या वर्षांचा कमावलाय."

"कुणी?"

"म्हणजे?"

"रोज कोण चालवतं गाडी?"

त्यांची मुलगी चैत्राली फोनमधून मान वर करून म्हणाली, "शी हॅज अ पॉइंट, डॅड."

"तू गप्प बस," शिरीष म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. "इथे माझं-तुझं कुठून आलं? घर एक आहे. किट कार माझ्या नावावर घेऊ, तू चालव की पाहिजे तेवढी. नावात काय असतं?"

"काही नसतं, तर मग माझं घाल," रेवती म्हणाली.

त्याने घातलं नाही. पॉलिसी गुपचूप स्वतःच्याच नावावर पुढे चालू केली. रेवतीने ॲथलोनच्या म्हाताऱ्याला फोन करून गाडी नको म्हणून कळवलं, आणि त्या आठवड्यात कारखान्यात ती कुणाशी बोलली नाही. माझ्याशीसुद्धा.

पुढच्या रविवारी तिच्या दारात मोठा ट्रान्सपोर्टर थांबला. त्यावरून हिरवी गाडी रस्त्यावर उतरवली गेली आणि ट्रान्सपोर्टर निघून गेला. शिरीषने ती परस्पर घेतली होती. सरप्राइज! मंडळातली घरं बोलावली होती. बॉनेटवर हार घातला होता, पद्माकररावांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. नारळ तयार होता. शेजारची आयरिश बाई कुत्रा घेऊन बघत उभी होती.

शिरीषने किल्ली रेवतीपुढे धरली. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं.

"घे," तो म्हणाला. "खूश?"

रेवतीने गाडीकडे बघितलं. स्टिअरिंगवर हात ठेवला. मग विचारलं, "नाव कुणाचं आहे?"

"अगं, आत्ता ते काय... माझंच आहे. तुझं खाली टाकू या की उद्या-परवा."

तिने त्याच्या बोटांची मूठ करून किल्ली आत मिटवली आणि म्हणाली, "मग तूच चालव." आणि आत गेली.

मी तिच्यामागे गेले. ती कपाटातून कप काढत होती. "मला ती गाडी हवी होती ग नंदू," ती म्हणाली आणि रडायला लागली. "किती हवी होती तुला नाही सांगता येणार."

"मग घे ना. नाव जाऊ दे खड्ड्यात." हे मी म्हणाले. मी, जी इतकी वर्षं तिला नावं ठेवत होते.

"त्याच्या हातून नको," ती म्हणाली. नाक पुसून तिने चहाचं आधण ठेवलं.

बाहेर पाऊस आला. उघडी गाडी, सीटवर पाणी, मधोमध रस्त्यात, आणि मागे शेजाऱ्याची व्हॅन हॉर्न वाजवत होती. शिरीष आत बसायला गेला. त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली शिरेनात. अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो अडकला आणि पद्माकररावांनी त्याला काखेत हात घालून ओढून काढलं. मग पद्माकररावांच्या पोटाने प्रयत्न केला. हार भिजून घसरला, कुंकू बॉनेटवरून ओघळलं.

"रेवती!" शिरीषने हाक मारली. "अगं ये ना जरा! तेवढी आत घे गाडी, तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीये!"

रेवतीने खिडकी उघडली. डोळे लाल होते, पण आवाज कारखान्यातला होता.

"मला परवानगी नाही," ती म्हणाली. "माझं नाव नाहीये त्यावर."

आणि तिने खिडकी लावून घेतली.