धुक्याला शिकवलेलं इंग्रजी

धुक्याला इंग्रजी शिकवणारा माणूस अख्ख्या मावळात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या वाट्याला मावससासरा म्हणून आला. हसू नका. लोणावळ्याच्या बाहेर, घाटाच्या अंगाला आमचं घर होतं. मावशी आणि काकांना मूलबाळ नव्हतं, आमच्या ह्यांची नोकरी रेल्वेत, म्हणून आम्ही त्यांच्यापाशीच राहायचो. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आषाढात सकाळी मी अंगणात उभी, समोर हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं, आणि त्या धुक्याच्या पोटातून आवाज आला, "अ‍ॅक्रिमनी! म्हणजे कडवटपणा!" माझ्या हातातली कळशी तिथंच पडली. मावशी आतून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. तुझे काका आहेत. करवंदीच्या जाळीशी बोलताहेत." ह्यावर नव्या सुनेनं काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

काका वडगावच्या कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी मात्र बेताचं. एकदा गोऱ्या साहेबानं चारचौघांत त्यांना उद्देशून काहीतरी इंग्रजी शब्द वापरला. काकांना वाटलं स्तुती झाली. त्यांनी लवून "थँक्यू सर" म्हटलं. सगळी कचेरी गालात हसली. नंतर कुणीतरी अर्थ सांगितला, लाळघोट्या. बास, त्या दिवसापासून "थँक्यू" हा शब्द त्यांनी टाकला तो टाकलाच. आभार मानायची वेळ आली की मान न वाकवता "ऑब्लाइज्ड" म्हणायचे. केस कापून झाल्यावर न्हाव्याला, पाणी दिल्यावर मला, दार उघडल्यावर वाऱ्यालासुद्धा! मी एकदा हौसेनं तसं म्हणायला गेले तर मला उभी करून शिकवलं, "जीभ वर, ओठ गोल. बाहेर पडताना शब्दाला ठेच लागता कामा नये." माझ्या शब्दाला मात्र दर वेळी ठेच लागायचीच.

तर पेन्शन घेतल्यावर त्यांनी एका साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून जाडजूड डिक्शनरी आणली. पुट्ठा नाही, वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आत शब्द गच्च. नुसते पाठ केले की दुसऱ्या दिवशी उडून जात, म्हणून काकांनी अशी युक्ती काढली की प्रत्येक शब्दाला एक जागा द्यायची. फाटकापासून घाटाच्या कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर जे जे होतं, त्याला डिक्शनरीच्या ओळीनं, ए-बी-सी-डीच्या क्रमानं, एकेक शब्द. काटेरी करवंद म्हणजे अ‍ॅक्रिमनी. गुरांसाठी भरलेली दगडी डोण बेनेव्होलंट, म्हणजे परोपकारी. पोखरलेली जांभूळ डिक्रेपिट, म्हणजे जराजर्जर. एक आंबा होता, मोहर मणभर आणि फळ एक नाही, तो ग्रँडिलोक्वंट, नुसता मोठमोठ्या बाता मारणारा. मैलाचा दगड लॅकॉनिक, म्हणजे मितभाषी, कारण तो जन्मभर एकच आकडा बोलला. आणि शेवटी दरीकडे झुकलेली अंजनी, ती मेलंकली, म्हणजे खिन्न. तिच्यापुढे झाड नाही, उघडा कातळ आणि मग कडा. त्यामुळे काकांचं इंग्रजी तिथंच थांबलं. "पुढचे शब्द टांगू कुठं?" असं म्हणायचे.

रोज सकाळी छत्री घेऊन ही फेरी. शब्द आठवला नाही तर आठवेपर्यंत त्या झाडासमोरून हलायचं नाही, मग वर पाऊस कोसळो. उशीर झाला की मावशी मला म्हणायच्या, "जा बघ, आज कुठल्या झाडाला अडकलेत." मावशींच्या आमटीला ते एकदा काहीतरी लांबलचक म्हणाले, तर त्यांनी पळी आपटून बजावलं, "चांगली झाली असेल तर मराठीत सांगा, वाईट असेल तर इंग्रजीत झाडाला सांगा."

वाडीतल्या लोकांनी मात्र आपला वेगळाच अर्थ लावला होता. आमच्याकडे दूध घालणारी ठकू मला हळूच म्हणाली, "आक्का, आबा भुतं बांधत्यात न्हवं? सबुद टाकला की ते झाड गप होतंय. मी ऐकलंय." मी म्हटलं, "अगं, ते इंग्रजी शिकताहेत." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. पुढंपुढं तिची भीड मोडली. म्हैस घेऊन त्याच वाटेनं जाता-येता तिचेही शब्द पाठ झाले. अर्थ नाही हं, नुसते शब्द आणि त्यांच्या जागा.

ती दुपार मला अजून विसरता येत नाही. ठकूचं तान्हं माझ्या मांडीवर होतं. म्हैस सुटली म्हणून पोराला माझ्याकडे टाकून ती वरच्या अंगाला गेली, आणि धुकं उतरलं. उतरलं म्हणजे कसं, घोंगडं टाकल्यासारखं. वाडीतली माणसं फाटकाशी जमली आणि ओरडायला लागली, "ठकूऽ! ए ठकूऽऽ!" दरीनं तीच हाक चारी बाजूंनी परत दिली. ठकूची मात्र ओ नाही. मग तिची सासू कपाळ बडवत पुढे आली. "नावानं नगा रं हाका मारू! ती न्हाई ओ द्यायची. धुक्यात चकवा नाव घेऊन बोलवतो आन् कड्यावर नेतो. मीच तिला शिकवलंय, नावाची हाक आली की त्वांड मिटायचं आन् उलट्या दिशेनं चालायचं." हाका तिथंच थांबल्या. कारण उलटी दिशा म्हणजे कडा. पोर माझ्या मांडीवर रडून रडून निळं पडायला आलं होतं.

काका छत्री घेऊन ओसरीवरून उतरले. "सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा," म्हणाले, आणि शिरले धुक्यात. पोराला पदरात गुंडाळून मीही मागोमाग. त्यांनी करवंदीपाशी "अ‍ॅक्रिमनी!" म्हटलं, थांबले, कान दिला. काही नाही. डोणीपाशी "बेनेव्होलंट!" काही नाही. जांभूळ झाली, आंबा झाला. दिसत तर काही नव्हतं, नुसती त्यांची छत्री माझ्यापुढं काळी हलत होती. मैलाच्या दगडाशी आलो आणि काका अडकले. तोंड उघडं, शब्द नाही. इतक्या वर्षांचा रोजचा शब्द, आणि नेमका आत्ता गेला! दगडाला हात लावून उभे राहिले. मी पोराला घट्ट धरलं. आणि दरीच्या बाजूनं, लांबून, बाईचा आवाज आला, "लॅकॉनिक, आबा! त्यो लॅकॉनिक हाय!"

काकांनी छत्री फेकली आणि दगडावर चढून तोच शब्द ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. धुक्यातून आधी म्हशीची शिंगं आली, मग शेपटी धरलेली ठकू. पोराला छातीशी घेऊन ती मटकन खाली बसली. काका तिला म्हणाले, "ऑब्लाइज्ड." आणि डोळे पुसले.

गोष्ट इथं संपली असती तर मी सुखानं झोपले असते. पण ठकूनं विचारलं, "आबा, तुमी आधी कड्याकडून कशापायी बोलला? मी नावाच्या हाकंला भिऊन पळतीया, आन् म्होरं, आगदी पायाशी, कुणीतरी म्हनलं, 'विजिल.' नाव न्हाई घेतलं, तुमचाच सबुद वाटला, म्हनून मी हुबी ऱ्हायली. मग मागनं तुमचा आंबा ऐकू आला, तवा वळली."

काका म्हणाले, "माझा नाही गं तो. मी एमच्या पुढं गेलेलोच नाही."

घरी आल्यावर त्यांनी डिक्शनरी काढली. शेवटाकडची पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती सुरीनं सोडवावी लागली. विजिल. जागं राहून केलेली राखण. काकांनी बोट ठेवून वाचलं, पुस्तक मिटलं, आणि मावशींची तीच आमटी मुकाट्यानं दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी अंजनीच्या पुढं कातळापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले, एक शब्दही न बोलता परत आले. "त्या जागेला शब्द आहे," एवढंच मला म्हणाले. "आपण द्यायचं कारण नाही." पुढं जन्मभर मागचेच शब्द घोकले. ठकूनं त्या कातळावर शेंदूर लावला, त्यालाही नाही म्हणाले नाहीत.

काका गेले, मागोमाग मावशी गेल्या. जांभूळ खरोखरच कोसळली. ते तान्हं आता रेल्वेत खलाशी आहे आणि ठकूचे केस माझ्याहून पांढरे झालेत. परवाच्या आषाढात मी कातळावर फूल ठेवायला म्हणून गेले आणि धुकं उतरलं. माझं वय झालंय, दिशेचं भान राहिलं नाही. चालत होते, तोच समोरून कुणीतरी म्हटलं, "विजिल." ओळीवर बोट ठेवून वाचावं, तसं. मी थांबले. वाऱ्यानं जरा फट पडली तर पायापुढं कडा. तशीच मागं फिरले, अंजनी चाचपली, दगड चाचपला, डोणीपाशी आले तर ठकू तिथं दुधाची चरवी घेऊन बसलेली.

"तू हाक मारलीस का गं?"

"न्हाई वो आक्का. मी कवाची हितंच हाय."

मी धुक्याकडे तोंड केलं आणि म्हटलं, "ऑब्लाइज्ड." जीभ वर गेली नसावी, ओठही पुरते गोल झाले नसावेत, शब्दाला ठेच लागलीच. म्हणून वाट बघत थोडा वेळ तशीच उभी राहिले.

शब्द कुणी दुरुस्त केला नाही.