बाजारातून आणलेला जिताडा

माझ्या मामाला कुणी थापाड्या म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याहून जास्त राग याचा येतो, की तसं म्हणायची सोय त्यानेच लोकांना करून दिली. एकदा-दोनदा नाही, आयुष्यभर.

मामा फ्रिज दुरुस्त करायचा. बंदराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. आत शिरलं की आधी दारं काढून ठेवलेले फ्रिज, मग तांब्याच्या नळ्यांची भेंडोळी, मग गॅसची टाकी आणि त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी मामा, कानाला मोटर लावून बसलेला. पण हे पोटासाठी. जीव अडकलेला होता गळात. संध्याकाळी शटर ओढलं की हत्यारांची पिशवी आणि गळाची काठी घेऊन तो समुद्राच्या जुन्या बंधाऱ्यावर जायचा. मामी म्हणायची, माझं लग्न झालंय ते रविवारपुरतं. पुढे रविवारही गेला.

त्या बंधाऱ्याला टोकाकडे एक मोठं खिंडार होतं. कुठल्याशा वादळात दगड वाहून गेले होते आणि ते पुन्हा बसवायची कुणाला गरज वाटली नव्हती. भरतीचं पाणी तिथून आत खाडीत घुसायचं आणि पाण्यामागून मासे. बाकीचे गळवाले पलीकडे दीपगृहापाशी गर्दी करायचे, कारण तिथे बसायला बरं होतं. खिंडाराची खरी गोष्ट मामाला, त्याच्या जिवलग मित्राला, म्हणजे पोस्टमनला, आणि आणखी दोघातिघांना ठाऊक होती, बस.

त्या वर्षांबद्दल बोलताना मामा अजून खुर्चीतून अर्धा उठतो. वारा फिरला की जिताडे, खाडीतले ते मोठाले मासे, यायचे. पाणी गढूळ असायचं, पण वरून एक फुगवटा सरकत जाताना दिसायचा आणि खाली काय आहे ते कळायचं. तांबोशी मासळी तर इतकी असायची की आमिष तळाला पोचायच्या आतच ओढलं जाई. एकदा एका जिताड्याने मामाला दगडांवरून खाली कंबरभर पाण्यात ओढलं होतं. पोस्टमनने त्याचा पट्टा धरला, पोस्टमनचा पट्टा तिसऱ्याने धरला आणि मासा वर आला तेव्हा तिघांच्याही चपला समुद्रात गेल्या होत्या. तो मासा कुठल्याच पिशवीत मावेना. त्या दिवशी मामाकडे टेंपोत एका गिऱ्हाइकाचा बंद पडलेला फ्रिज होता. मासा त्यात आडवा घातला, दार दोरीने बांधलं आणि चारचौघांतून राजरोस घरी आणला. फ्रिज दुरुस्त होऊन परत गेला. आमच्याकडचं दूध हल्ली समुद्रासारखं का लागतं, असं ते गिऱ्हाईक पुढे कितीतरी दिवस विचारत होतं.

आता कुणी म्हणेल, एवढे मासे लागत होते तर गावभर बोभाटा कसा झाला नाही? नाही झाला, कारण या लोकांचा एक धर्म होता. ज्याला मिळत नाही तो गळवाला बढाया मारतो. ज्याला मिळतं तो तोंड शिवतो. बंधाऱ्यावरून जाणाऱ्या कुणीही विचारावं, "काही लागलं का?" आणि यांनी कपाळाला आठ्या घालून म्हणावं, "काही नाही." पायाशी पिशवीत जिताडा पान्ह्यांवर शेपटी आपटत असायचा, तेव्हासुद्धा. हे "काही नाही" म्हणायचीही एक रीत होती. लगेच म्हणायचं नाही, जरा पाण्याकडे बघायचं, जांभई द्यायची आणि मग म्हणायचं. पोस्टमन यात सर्वांचा गुरू. त्याचं ऐकून माणसाला त्याची कीव यायची. एकाने तर त्याला केळं दिलं होतं.

बंधाऱ्यावरचं खोटं बंधाऱ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मासे घरी येणार, घरच्यांना संपणार थोडेच? मामी शेजारीपाजारी तुकड्या वाटायची. आणि मामाने तिला बजावून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर बाजारातून आणला म्हणायचं. मामी सरळ बाई. तिला हे मुळीच आवडायचं नाही, पण नवऱ्यासाठी तेही केलं. मग समोरच्या घरातल्या वहिनी विचारायच्या, एवढा ताजा कुणाकडे मिळतो? मामी काहीतरी नाव सांगायची. वहिनी बाजारात जायच्या, तिथली कोळीण त्यांच्याकडे बघत राहायची आणि मामीला पुढचे आठ दिवस त्यांना चुकवत जिन्यावरून उतरावं लागायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही दुसऱ्याचं.

पुढे मासे कमी झाले. मोठ्या बोटी आल्या, खाडीत सांडपाण्याचा पाइप आला. तरी वारा फिरला की थोडे जिताडे अजून खिंडारातून आत जायचे, पिल्लं वाढवायला की कशाला ते त्यांनाच माहीत. मामा म्हातारा झाला होता. बरेचदा तो काठी न नेता नुसता बघायला जायचा.

आणि मग बंदराच्या कार्यालयाने ठरवलं की खिंडार बुजवायचं. बंधारा सलग करायचा, वरून लोकांना फिरायला रस्ता, दिवे, बाकं. हरकत असेल त्यांनी सभागृहात येऊन सांगावं. मामाला दोन दिवस जेवण गेलं नाही. खाडीचं ते एकच तोंड उरलं होतं. ते बंद झालं की आत मासा जाणार कुठून? त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, मामीला आणि मला बरोबर घेतलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

कार्यालयाच्या बाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. पडद्यावर नकाशा दाखवून त्यांनी सांगितलं की या भागात नोंद घेण्यासारखे मासे नाहीत, त्यामुळे नुकसानाचा प्रश्नच येत नाही. मामा उठला. जिताड्यांचं सांगायला लागला, वारा, भरती, फुगवटा, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," त्या म्हणाल्या, "आमची माणसं वर्षानुवर्षं बंधाऱ्यावर येऊन तुम्हालाच विचारत होती. तुम्हीच सांगायचात, काही नाही."

"ते खोटं होतं," मामा म्हणाला.

सभागृहात खसखस पिकली. मग आता तरी खरं कशावरून, असं मागून कुणीतरी म्हणालं. मामाने मासा केवढा असायचा ते दाखवायला दोन्ही हात पसरले आणि लोक पोट धरून हसले. हातात काठी धरणाऱ्या माणसाने हात पसरले की हसायचं, एवढंच जगाला माहीत. मामा मात्र खाली बसला नाही. त्याने वळून पोस्टमनकडे पाहिलं आणि म्हणाला, तूच सांग.

पोस्टमन उठला. त्याच्या मागच्याच रांगेत दीपगृहाकडचे गळवाले बसले होते, माना पुढे काढून. खिंडारात खरंच काही आहे का, हे त्यांना तरुणपणापासून जाणून घ्यायचं होतं. पोस्टमनने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग छताकडे. मग ती जांभईसुद्धा आली.

"तसं काही विशेष नव्हतं," तो म्हणाला आणि बसला.

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मला पटतं. जिभेला लागलेलं वळण होतं ते. पण जिथे मित्राची मान कापली जातेय तिथे तरी जीभ वळवावी ना माणसाने. मी त्याला अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

मग मामी उठली. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उठली. खवले काढून काढून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो तिने वर करून दाखवला. मग बाईंकडे पाठ करून ती शेजाऱ्यांकडे वळली. आज हसताय, पण खाल्ला नाहीत का तुम्ही हा मासा? माझ्या हातून घेतला नाहीत का? दोघीतिघींनी माना खाली घातल्या. तेवढ्यात समोरच्या घरातल्या वहिनी, अगदी साध्या मनाने, म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच म्हणायचात ना, बाजारातून आणला म्हणून?"

मामी तशीच उभी राहिली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तिकडे काम मंजूर झालं.

त्या बाई दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण कोण्या शहाण्याने ठरवलं की समुद्रात काय आहे ते गळ टाकून बसलेल्या माणसाला विचारायचं? त्याच्यासारखा आपमतलबी साक्षीदार सापडेल का? माशांची चौकशी पाण्याकडे करायची असते. एक जाळं टाकून बघितलं असतं, भरतीला नुसतं वाकून बघितलं असतं तरी दिसलं असतं. पण वाकणार कोण?

घरी आल्यावर मामी म्हणाली, "तुमच्यापायी मी जन्मभर खोटं बोलले. मला एकदा तरी नेलंत का तिथे?"

त्याने जागा तिच्यापासूनही लपवली होती.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन गेला, मीही गेले. दगडांचे ट्रक येऊन उभे होते. पहिला ट्रक मागे घेत होते. भरती चढत होती. मामाने मामीला खिंडाराच्या कडेला एका दगडावर बसवलं आणि कुठे बघायचं ते सांगितलं. बऱ्याच वेळाने पाण्यावर तो फुगवटा आला. एक गेला, त्याच्यामागून आणखी दोन, आणि शेवटच्याने वळताना पाठ दाखवली, दाराच्या फळीएवढी. मामीने तोंडावर हात ठेवला. ट्रकवाल्यानेही पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, इथे मासे आहेत हे आम्हाला कुणी बोललंच नाही. मामी म्हणाली, मी बोलतेय ना. त्याने डोकं खाजवलं. मग त्याचा फोन वाजला, तो दोनदा "हो साहेब" म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. आम्हाला त्याने बाजूला व्हायला सांगितलं, तेही आदराने.

आता तिथे सलग रस्ता आहे. दिवे आहेत, बाकं आहेत. आणि जिथे खिंडार होतं बरोबर तिथेच कार्यालयाने सिमेंटचा एक मासा बसवलाय, निळा रंग दिलेला, लोकांना फोटो काढायला. ज्या कार्यालयाच्या मते इथे मासाच नव्हता त्याच कार्यालयाने. मागच्या महिन्यात आम्ही तिघं तिकडे गेलो तर एक कुटुंब त्या माशाला मिठी मारून उभं होतं.

मामी थांबली. "इथला याच्याहून मोठा असायचा," ती त्यांना म्हणाली.

ते हसले. तोंडभर, प्रेमाने हसले. आजी, तुमच्या काळात सगळंच मोठं असणार, असं त्यातला बाप म्हणाला.

"ती खोटं बोलत नाही," मामा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

बापाने समजूत काढल्यासारखी मान हलवली, खिशातून फोन काढला आणि मामापुढे धरला. आजोबा, आमचा सगळ्यांचा एक काढता का?

मामाने काढला. पहिल्यात माशाची शेपटी राहिली म्हणून दुसरा काढून दिला.