नवा टर्नटेबल अन् बाबांची तबकडी

मंडळी, तबकड्या वाजवायचा महागडा नवा टर्नटेबल घेऊ का जुनाच दुरुस्त करू, हे मी इथंच ग्रुपवर विचारलं होतं. तुमी बहुतेक ‘नवाच घ्या’ म्हणाले. घेतला. जुना भैंसा गावच्या भंगारवाल्याला दिला.

बाबा वारलेले. त्यांची एकुलती एक तबकडी आज लावली. तरुणपणी त्यांनी गायलेली भीमगीतं. ती जुन्या काळची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाची. नव्या मशीनवर तो वेगच नाही. बाबांचा खणखणीत आवाज जड होऊन रेंगाळत निघाला.

भंगारवाल्याला फोन केला. जुना त्यानं कधीच फोडला म्हणे.

मी तबकडी बंद करायला गेलो, तं आई म्हणाली, “राहू दे ना बापू. अखेरी अखेरी असेच तं बोलत होते.”

आता पुन्हा लाव म्हणून राह्यली. लावू का, सांगा.