बरोबर केलेलं घड्याळ

घड्याळं सांभाळायची नोकरी वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

सत्तरच्या दशकात मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात विजेच्या खात्यात होतो आणि तिथली सगळी घड्याळं माझ्या गळ्यात पडली होती. टाइम ऑफिसात एक मोठं लंबकाचं घड्याळ होतं. ते दर मिनिटाला तारेतून विजेचा एक झटका पाठवायचं. त्या झटक्यानं बॉयलरवरचं, प्रयोगशाळेतलं, कॅन्टीनमधलं, अशी सगळी घड्याळं एकेक मिनिट पुढं सरकायची. मोठं घड्याळ मी रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी वाजणाऱ्या ठोक्यांवर जुळवायचो. सांगायला व्यवस्था झकास. पण वीज गेली की तारेवरची घड्याळं जागच्या जागी थांबायची आणि लंबकाचं एकटंच टकटक करत चालत राहायचं. वीज आली की मी शिडी खांद्यावर टाकून दारोदार हिंडायचो. त्यातून ही घड्याळं फक्त पुढंच जायची. एखादं जास्त पुढं गेलं, तर ते बंद करून खरी वेळ तिथवर येईपर्यंत शिडीवर ताटकळत बसायचं. खालून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय पावनं, वर अंडी उबवताय व्हय?"

त्याहून मोठा वैताग माणसांचा. आमच्याकडे घड्याळ वेळ दाखवायला नसतंच मुळी, ते "पुढं ठेवायला" असतं. घरोघरी दहा मिनिटं पुढं. आणि बघणारा प्रत्येक जण मनातल्या मनात ती दहा मिनिटं वजा करतो. मग पुढं ठेवून साधलं काय, हे विचारायची सोय नाही. मी पाठ फिरवली की लोक स्टुलावर चढून आपापलं घड्याळ पुढं ढकलायचे. बॉयलरवरचं तर सर्वमान्य, कायमचं दहा मिनिटं पुढं. त्याच्याखाली भोंगा वाजवणारे एक मामा बसत. ते वर बघत, दहा मिनिटं वजा करत, दोरी ओढत, आणि भोंगा अगदी वेळेवर होई. शेजारचं आमचं अख्खं गाव त्या भोंग्यावर चालायचं.

त्या हंगामात माझा थोरला भाऊ फौजेतून रजेवर आला होता. परत जायच्या दिवशी दुपारचा भोंगा झाला की त्यानं घर सोडायचं, फाट्यावर एसटी धरायची आणि मिरजेला गाडीत बसायचं, असं ठरलं होतं. ती गाडी चुकली तर पलटणीत उशिरा हजर होणं आलं. त्याचं हवालदारकीसाठी नाव नुकतंच वर गेलं होतं. उशीर झाला की बढती गेलीच म्हणून समजा. त्याचं मनगटावरचं घड्याळ त्यानं आल्या दिवशीच माझ्या हातात बांधलं होतं. "घड्याळवाल्याचा हात मोकळा बरा दिसत न्हाई," म्हणाला. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं, त्यामुळे वेळ कळायला भोंगा तेवढा उरला होता.

निघायच्या दिवशी सकाळीच वीज गेली. आली तेव्हा सगळी घड्याळं मागं पडलेली. आज दादा जायचाय, आज तरी घोळ नको, म्हणून मी जिवाचा आटापिटा करून एकेक घड्याळ जुळवत सुटलो. बॉयलरवर मामांनीच हाक मारली.

"ए गड्या, आमचं घड्याळ तेवढं बरूबर कर की."

मी केलं. मिनिटाला मिनिट जुळवून केलं. वरून ओरडून सांगितलंसुद्धा, "मामा, बरूबर केलंय!"

"व्हय व्हय, झ्याक झालं," मामा म्हणाले.

दुपारी टाइम ऑफिसात बारा वाजले, माझ्या मनगटावर बारा वाजले, आणि भोंगा गप्प. मी बॉयलरकडे पळालो. मामा दोरीला हात लावून, वर बघत निवांत बसले होते.

"आवं मामा, वडा की! बारा वाजून गेलं!"

"न्हाई गेलं. त्ये धा मिंटं पुढं हाय."

"आवं, सकाळी बरूबर केलं न्हवं का?"

"मंग? बरूबर म्हंजी धा मिंटं पुढंच की," मामा माझ्याकडेच कीव केल्यासारखं बघत म्हणाले. "आजवर तसंच बरूबर हुतं."

मी कपाळावर हात मारला आणि दोरी स्वतःच ओढली. पण व्हायचा तो उशीर होऊन गेला होता.

सायकल मारत फाट्यावर पोचलो, तर दादा ट्रंकेवर बसलेला आणि आई शेजारी उभी. भोंगा ऐकून दोघं निघाले होते. एसटी मात्र भोंग्यासाठी थांबली नव्हती. साखरेची पोती घेऊन मिरजेच्या मालधक्क्याला निघालेला एक ट्रक मी हात करून थांबवला. वाटभर मी मामांना, त्या घड्याळांना, अख्ख्या गावाला शिव्या घालत होतो. ती गाडी वेळेवर सुटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, तेवढीच आशा होती. त्या दिवशी मेली वेळेवर सुटली. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा फलाटावर हमाल तेवढे उरले होते.

"पण घड्याळ मी बरूबरच लावलं हुतं, दादा!" मी ओरडलो. संतापानं मला रडू फुटायच्या बेतात होतं.

दादानं ट्रंक खाली ठेवली. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"व्हय रं, बरूबरच हुतं," तो म्हणाला. "पर साहेबाला म्या काय सांगू? भावानं घड्याळ बरूबर केलं, म्हणून उशीर झाला?"