शेवटच्या नळावरचे चाचा

आमच्या नळाला पाणी आलं की चाचा त्याच्याकडे वैऱ्यासारखं बघायचे. आमच्या नांदेडकडच्या गावात ते नगरपालिकेत रोजंदारीवर होते. काम एकच, गल्लोगल्ली नळाचं पाणी तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, दोन थेंब औषध टाकायचे आणि नळी उजेडात धरायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शाबूत. आमचं घर गल्लीत शेवटचं. आमचं पाणी कधीच पिवळं व्हायचं नाही.

"टाकीतून दवा भरपूर निघती, ताई," ते मला सांगायचे. "वाटंत जुन्या पाइपातली घाण तिला खाऊन राहिली. तुमच्यापतोर काहीच उरत न्हाई."

आईला मात्र या नळाचा कोण अभिमान! टाकीजवळच्या पाण्याला औषधाचा वास, आपल्या नाही. प्यायचं पाणी न्यायला तिकडच्या बाया घागरी घेऊन आमच्याकडे यायच्या आणि आई ऐटीत नळ सोडायची. चाचा हात जोडायचे. "वैनी, वास न्हाई म्हणूनच भ्या वाटतंय. उकळून प्या."

"चाचा, तुमचं नाकच बिघडलंय," आई हसून म्हणायची. मीही हसायचे.

वहीत ते खरं तेच लिहायचे, 'क्लोरीन नाही'. या टोकाला पुन्हा औषध सोडायची सोय करा, असे अर्जही त्यांनी दिले. शेवटी नगरपालिकेतले साहेब वैतागले. टाकीजवळच्या नळाचंच पाणी तपास आणि वहीत सगळ्या नळांपुढे 'क्लोरीन आहे' लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नको, असं बजावलं. चाचांचं घर त्याच रोजंदारीवर चालायचं. ते आमच्याकडे यायचे बंद झाले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाणी सुधारलं असंल. म्हणून येत न्हाईत."

त्याच पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या लागल्या. नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. कुणाशी न बोलता आमच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाण्याचा रंग बदलला नाही. "पोटासाठी खोटं लिहिलं, ताई," ते म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. स्वतःचा त्याहून जास्त, कारण पाणी उकळायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यांनी कट्ट्यावरचा तांब्या नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि उभ्यानेच सगळा प्यायले. मग पुन्हा भरला. मी दोन पावलांवर उभी होते. मी त्यांना थांबवलं नाही.